टेकलेला पाय

भोकं मी कापली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही. बाबांच्या एकशे चौऱ्याऐंशी कागदांना खालच्या कडेला भोकं होती, मधे एक गोल आणि दोन्ही बाजूंना एकेक लांबट. वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या बाईला कागदावर भोक दिसलं की फाइलच आठवणार. मला वाटलं, कुठल्यातरी जुन्या फाइलला लावलेले असतील. ऑफिसच्या स्कॅनरला ते कागद दोन बोटं मोठे पडत होते. मग काय, कागद कापायच्या मशीनवर थोडेथोडे ठेवले आणि खाटकन दांडा खाली ओढला. निघालेल्या पट्ट्या श्रेडरमध्ये घातल्या, कारण आमच्या ऑफिसात कापलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाही असा नियम आहे. नियम म्हणजे नियम. गुरुवारी संध्याकाळी वीस मिनिटांत काम उरकून मी कुवेतमधल्या अबू हलीफाला घरी आले ती स्वतःवर खूश होऊन.

आता ते कागद कसले होते ते सांगते. बाबा मुंबईत एका स्टुडिओत हाताने कार्टून काढायचे. जाहिरातींची. साबणाची वडी नाचायची, बिस्किटं शाळेत जायची, ते सगळं बाबांच्या पेन्सिलीतून. एक पाऊल टाकायचं तर सहा-सहा कागद काढायचे. घरी आल्यावर मात्र ते स्वतःसाठी काढायचे, आणि ती एकच गोष्ट होती. गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात, आई काठी घेऊन कावळ्याला हाकलते आहे. आई खरोखर काठी घेऊन उभी राहायची आणि बाबा म्हणायचे, "हलू नकोस." आई म्हणायची, "अहो, कुकर लावायचाय मला!" पाच-पाच कागद बोटांत धरून ते फरफर उलटायचे, तेवढ्यापुरती आई चालायची. कॅमेऱ्याखाली ते कागद कधी गेलेच नाहीत. आई म्हणायची, "मला एकदा पडद्यावर चालताना दाखवा हो." बाबा म्हणायचे, दाखवतो. मग कॉम्प्युटर आले, स्टुडिओ बंद पडला, आणि गठ्ठा डोंबिवलीच्या कपाटावर गेला तो गेलाच. कावळा तर काढायचाच राहिला होता.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळे एकेक करून पुढे झाले. तुझ्या बहिणीला बघू, काळजी करू नकोस. बाबांना एकटं ठेवणार नाही. मीही सांगितलं, दरवर्षी येईन. कावळे समोरच्या तारेवर रांगेत बसलेले आणि एक मेला खाली उतरायला तयार नाही. बाबा पुढे गेले, ओठ हलले, आवाज काही आला नाही, आणि मागे आले. दोन तास झाले. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही, पोरंबाळं भुकेने कळवळलेली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे सुटले. बाबा सोडून. मी असलं काही मानत नाही, पण बाबा मानतात, आणि ते त्या दिवसापासून पोटभर म्हणून जेवलेले मी पाहिले नव्हते.

यंदा व्हिजिट व्हिसावर ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा गठ्ठा हातातल्या बॅगेत होता. सामानात टाकायला तयार नव्हते. आल्या आल्या त्यांनी तो माझ्या लेकीपुढे ठेवला. ती इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटरवरचं अ‍ॅनिमेशन शिकते. ज्या कॉम्प्युटरने आपली भाकरी नेली, त्याच्याशी नातीचं लग्न लागलंय, असं ते एरवी चिडवायचे. त्या दिवशी मात्र म्हणाले, "चालवून देशील का गं तुझ्या आजीला?"

मला त्यांनी नंतर बाल्कनीत सांगितलं. "तिकडे खाडीवर मला एवढंच म्हणायचं होतं, तुझा सिनेमा करतो. चारचौघांत लाज वाटली. लोक म्हणाले असते, म्हातारा पिंडापुढे उभा राहून कार्टूनच्या गोष्टी करतोय. म्हणून मनातल्या मनात म्हणालो. तिला ऐकू गेलं नसणार." मी म्हटलं, चहा घेणार का.

लेकीने ठरवलं, आजीच्या चित्रांतल्या पेन्सिलीच्या रेघा जशा आहेत तशाच ठेवायच्या, खोडल्याच्या खुणांसकट. बाकी सगळं कॉम्प्युटरवर: कुरडया, ऊन, कावळा. आणि गच्चीऐवजी आमची बाल्कनी, दोन इमारतींच्या फटीतून दिसणाऱ्या समुद्रासकट. बाबा म्हणाले, चालेल, ती इथे येऊन गेलीच आहे की. परीक्षा झाली की एकेक कागद स्कॅन करते, असं लेक म्हणाली होती. पण व्हिसा संपायला जेमतेम तीन आठवडे उरलेले, पोरगी अभ्यासात, आणि माझ्या अंगात मदतीचं वारं शिरलं. करायला गेले गणपती, झाला मारुती.

शुक्रवारी सकाळी लेकीने माझं स्कॅनिंग उघडलं. ओरडली नाही. इंग्रजीत एवढंच विचारलं की आई, भोकं कुठायत? ती नेहमीच इंग्रजीत उत्तर देते, पण त्या दिवशीचं इंग्रजी फार सभ्य होतं, त्यावरूनच मी काय ते ओळखलं. मग तिने समजावलं. टेबलावर तीन खुंट्या असतात, प्रत्येक कागद त्याच भोकांनी त्याच खुंट्यांवर बसतो, म्हणून एका चित्रावर दुसरं चित्र बरोबर पडतं. भोकं गेली की कुठला कागद कुठे बसायचा ते कुणालाच ठाऊक नाही. आणि माझ्या मशीनवर प्रत्येक थप्पी थोडी वेगळी सरकलेली. तिने लावून दाखवलं. हीव भरल्यासारखी आई जागच्या जागी थडथडत होती. कधी वर उडत होती, कधी डावीकडे.

बाबा मागे येऊन उभे होते, मला माहीतच नव्हतं. "असू दे," ते म्हणाले आणि बाल्कनीत गेले. दुपारी म्हणाले, भूक नाही.

मी लेकीवर तोंड टाकलं. आधी सांगायला काय झालं होतं! तीही म्हणाली, तू विचारलंस का? दोघींचं खरंच होतं. रविवारी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन मी श्रेडरची पिशवी उपसली. नुसत्या शेवया. तिथे खाली बसून मी रडले, खोटं कशाला बोलू. आईला दिलेला एकच शब्द पुरा करायला बाबा समुद्र ओलांडून आले, आणि त्यांच्या पोटच्या पोरीने तो दोन बोटं कापून टाकला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे शहाणी मी आणि बैल बाबांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा बाल्कनीच्या काचेच्या दाराशी. आमच्याकडे सात वाजताच ऊन असं येतं की पडदा लावावा लागतो. त्यांनी पडदा सारला होता आणि काचेवर एक कागद, त्यावर दुसरा, असे धरले होते. उन्हामुळे दोन्ही चित्रं एकदम दिसत होती. हात थरथरत होता, वरचा कागद सारखा सरकत होता.

"भोकं गेली," ते म्हणाले. "पाय कुठे गेलाय?"

मी म्हटलं, म्हणजे?

"अगं, माणूस चालतं तेव्हा एक पाय टेकलेला असतो. टेकलेला पाय हलत नाही. ह्या कागदावरचा डावा पाय त्या कागदावरच्या डाव्या पायावर ठेवायचा. तो उचलेपर्यंत उजवा टेकलेला असतो, मग उजवा धरायचा. आम्ही भोकांच्या भरवशावर बसलेलो नव्हतो. बोलव तिला, माझा हात नाही थांबायचा."

लेक आली. परीक्षेचा शेवटचा पेपर त्याच दिवशी होता, तो देऊन परत आली आणि बसली. पुढचे अकरा दिवस आमच्या हॉलमध्ये दुसरं काही झालं नाही. ती कॉम्प्युटरवर एका चित्रावर दुसरं चित्र ठेवायची आणि बाबा चष्मा कपाळावर घेऊन स्क्रीनला नाक लावून सांगायचे. "कणभर डावीकडे. अंऽऽ, जास्त झालं. नखभर खाली. हं, बस!" पहिल्या दिवशी तिला काही कळेना. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकलं, "आजोबा, नखभर की कणभर?" तिचं मराठी ऐकून माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मला कागदांना हात लावायची बंदी होती, ती मी मुकाट्याने पाळली.

कावळ्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. अबू हलीफात आमच्या वाट्याला कबुतरं. आई आली होती तेव्हा ह्याच बाल्कनीत कुरडया घालून कुरकुरली होती, "एक कावळा नाही गं मेला, राखण कुणापासून करायची?" लेकीने कावळा पाहिला तो सुट्टीत डोंबिवलीला, तोही मोबाइलमधून मान वर काढली असेल तेवढाच. तिचा कावळा चालायचा. बाबा म्हणाले, हा कावळा नाही, हा बँकेतला मॅनेजर आहे. मग एकोणऐंशी वर्षांचे माझे वडील सोफ्यापासून टीव्हीपर्यंत तिरके उड्या मारत गेले आणि तिने त्यांचा व्हिडिओ काढला. मी ओरडत होते, "बाबा, गुडघे!" कोण ऐकतंय.

व्हिसाचे चार दिवस उरले असताना, शुक्रवारी, फिल्म झाली. वरणभात तयार होता, पानं घ्यायचीच होती. नवऱ्याने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला. पडदे ओढले.

आई दारातून बाहेर आली. पदर खोचला. काठी उचलली. मी फक्त पायांकडे बघत होते. डावा टेकला, राहिला. उजवा टेकला, राहिला. चौथ्या पावलाला माझा जीव भांड्यात पडला. मग कुठे मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. अगं बाई, आई! तश्शीच, जरा रागावलेली, कुकरची घाई असलेली. बाबांच्या पेन्सिलीची आई आणि मागे इथलं खरं वाटावं असं ऊन, पण तिला काही परकं वाटत नव्हतं. कावळा आला, तिरका, उड्या मारत. तिने हाकलला. पुन्हा आला. पुन्हा हाकलला. शेवटी ती दमून खाली बसली आणि हात पुढे केला. तो हात मी लहानपणापासून कागदावर पाहिला होता आणि दमून सोडलाय असंच समजत होते. लेकीने त्यावर कुरडईचा तुकडा ठेवला होता.

कावळा जवळ आला आणि थांबला. एका डोळ्याने बघितलं. मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने बघितलं. येईना. तिथे लेकीने त्याला इतका वेळ थांबवला होता की मी पुन्हा तिकडे जाऊन पोचले. खाडीवरची तार, रांगेतले कावळे, सगळं समोर. मी बाबांचा हात धरला. तिला दहाव्याचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती तेव्हा इथेच होती, तिची बारावी होती. पुढे मी विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, भुकेला होता ना तो, येणारच.

कावळ्याने एक उडी मारली आणि आईच्या हाताला चोच लावली.

"शिवला," बाबा म्हणाले. इतक्या हळू की मलाच ऐकू गेलं. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि मी पण सोडला. दोन वर्षं कुठे अडकून होता कुणास ठाऊक.

लेकीने वळून विचारलं, मराठीत, "आजोबा, पुन्हा लावू?"

"नको गं राणी," ते म्हणाले. "एकदा शिवला की झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पानं घे. भूक लागलीये."

भात त्यांनी तीनदा घेतला.