प्रवासातून आलेले पाय

आमच्या आळीतलं कोणी लांबच्या गावाला निघालं की माझ्या दारावरून जाताना पावलं जरा भरभर टाकतं. मी दिसले की पकडणार आणि विचारणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी घेतलं का? घेतलं म्हणजे पिशवीत नव्हे, पोटात. पायाखाली सामान ठेवणार का? ठेवू नका. गाडी कोण चालवणार? घरचाच माणूस असेल तर त्याला निघतानाच बजावून ठेवा, की दीड-दोन तासांनी थांबायचं आहे आणि बायांनाही उतरायचं आहे. एक शेजारीण मला तोंडावर म्हणाली, "बाई, तुमी यष्टीनं शिरपूरले जाता अन् सल्ला देता इमानाचा." खोटं नव्हतं तिचं. विमान मी खालूनच पाहिलं आहे, मेथी खुडता खुडता. तरी मी सांगते. स्वभाव तापट, त्यामुळे सल्ला कमी आणि दटावणी जास्त होते, त्याला इलाज नाही. ज्या प्रवासानं मला हे शिकवलं त्यातून माझी सासू परत आली नाही.

आमचा मळा रिसोडच्या बाहेर, नाल्याच्या काठानं. वांगी, मेथी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्यामुंबईच्या माणसानं भाताबरोबरचं समजू नये. सासू शेवटपर्यंत जुड्या बांधायची. दिवसभर उकिडवी बसून तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या होत्या. संध्याकाळी ती ओट्यावर पाय सोडून बसली की मी तेलाची वाटी घेऊन खाली बसायची. पाय दाबणं हे आमच्याकडे सुनेचं काम, त्यात माया असतेच असं नाही. मला तर पहिली काही वर्षं नव्हतीच. मनातल्या मनात बडबडत दाबायची आणि ते तिला कळायचं, कारण ती म्हणायची, "राग काढून राह्यली का पायावर? काढ. चांगला दाबल्या जाते." मग हळूहळू तीच एक वेळ झाली जेव्हा आम्ही दोघी बोलायचो. पुढं माया कधी लागली ते सांगता येणार नाही, पण लागली.

तिची धाकटी, माझी नणंद, पुण्याला दिलेली. तिनं तिकडे नवीन घर घेतलं आणि वास्तुशांतीला आईला न्यायला जावई स्वतः गाडी घेऊन आले. सोबत म्हणून मी निघाले. नवरा मळ्याच्या पाण्यासाठी मागं राहिला.

आता आमच्या बायकांचं प्रवासाचं शास्त्र सांगते. निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं. सकाळी चहासुद्धा दोन घोट, तोही माणसं आग्रह करतात म्हणून. वाटेत सुकं खायचं आणि ओठ ओले करण्यापुरतं पाणी तोंडात फिरवायचं. का, तर गाडी थांबवा असं म्हणायची वेळ येऊ नये. एसटीत हे असं, पण ती गाडी निदान स्टँडवर थांबते. जावयाच्या गाडीत तर विचारूच नका. सासूनं जावयाला "मले उतराचं हाय" म्हणायचं म्हणजे काय? त्यापेक्षा तिनं जीव दिला असता. दिलाच.

मी तरी कुठे म्हणू शकत होते? माझे ते नंदोई. दोघीही आदल्या दिवसापासून कोरड्या.

जावई मनानं वाईट नाहीत. सासूबाईंना पुढं बसा म्हणाले, पुढं पाय पसरायला जागा असते. पण जावयाच्या शेजारी सासू बसते का? ती मागं बसली, डोक्यावरचा पदर घट्ट ओढून. मागं डिकीत त्यांच्या गावाकडून घेतलेलं सामान ठासून भरलेलं. मग आमचं गव्हाचं पोतं तिच्या पायाशी आलं आणि त्यावर तुरीच्या डाळीची पिशवी. वांग्यांची टोपली मी मांडीवर घेते म्हटलं तर तिनं मला हात लावू दिला नाही. "तू झोपशीन अन् वांगे दबतीन." टोपली तिच्या मांडीवर राहिली. पाय पोत्यावर, गुडघे टोपलीला टेकलेले, अशी ती बसली आणि पुण्यापर्यंत तशीच बसली.

जावयांना एका दमात गाडी काढायचा अभिमान होता. नवा रस्ता, नवी गाडी. जालन्याच्या पुढं एकदा डिझेलला थांबले आणि विचारलं, "आई, पाणी-बिणी?" ती म्हणाली, "नोको, तहानच नाही." तिचे ओठ फुटले होते. मी उतरू का म्हणून तिच्याकडे पाहिलं तर तिनं डोळ्यानंच मला बसवलं. त्या पंपावर बायकांसाठी कोपऱ्यात सोय होती, दार उघडं होतं, मला गाडीतून दिसत होतं. आजही कोणी इभ्रतीच्या गोष्टी सांगायला लागलं की मला ते दार आठवतं आणि डोकं भणभणतं. पाणी न पिण्यात कसली आली इभ्रत?

संध्याकाळी पोचलो. उतरताना तिला पायच टेकता येईना. मी आणि नणंदेनं दोन्हीकडून धरलं. सगळे हसत होते, ती पण हसत होती. "मुंग्या आल्या," म्हणाली. वर जाऊन बसली तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती. हात लावला तर गरम. अख्खा दिवस अवघडून बसल्यावर असं व्हायचंच, असं तिथं जमलेल्या प्रत्येक बाईचं मत पडलं, माझंही.

मी सवयीनं तेलाची वाटी मागितली. नणंदेनं ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "वहिनी, तुमी रोजच करता. आज माही पाळी." पुण्यात इतकी वर्षं काढूनही ती आमच्याशी आमच्याच बोलीत बोलते. तेल कोमट करून आणलं आणि आईचा पाय मांडीवर घेऊन चोळायला बसली. वर्षातून एकदा भेटणारी माय, नवीन घर, त्या घरात तिची सेवा. तिचा चेहरा असा उजळला होता की मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाय जास्त दुखला तेव्हा तिनं जास्त चोळला. दोन्ही अंगठ्यांनी, पोटरीच्या खालून वर, आईला कळ आली की "सहन कर थोडं, गाठ मोकळी होऊन राह्यली" म्हणत.

गाठ मोकळी झाली.

पूजेच्या दिवशी सकाळी सासू न्हाणीतून बाहेर आली, भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मले दम लागून राह्यला." एवढंच. मग ती खाली बसली, आणि तिला गाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. जावयाची तीच गाडी, तीच मागची सीट. या वेळी पायाखाली पोतं नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा नणंद आत आईजवळ होती आणि जावई औषधं आणायला गेलेले. दारात मी एकटी. त्यांनी समजावून सांगितलं, की लांबच्या प्रवासात पाय एकाच जागी मुडपून राहिले, त्यात पोटात पाणी नाही, म्हणून पायाच्या शिरेत रक्त गोठलं. ती गुठळी सुटली आणि फुप्फुसात जाऊन अडकली. मग त्यांनी विचारलं, "पाय कोणी चोळला होता का?"

मी हो म्हटलं.

"चोळायला नको होता," ते म्हणाले. माझ्या तोंडाकडे पाहून लगेच पुढं म्हणाले, "अर्थात नुसतं चालतानाही सुटते. नक्की सांगता येत नाही." भला माणूस. पण पहिलं वाक्य बोलून झालं होतं, आणि ते ऐकणारी मी एकटीच होते. दुपारी ती गेली.

हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच, त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि बहिणीवर त्याचा जीव. मी होते तिथं, आणि वाटी माझ्या हातातून गेली नसती तर तो पाय मीच चोळला असता, याच हातांनी, माझ्या सवयीप्रमाणे जोर लावून. वाटी गेल्यानं सासू वाचली नाही, दोषातून मी वाचले. मग जी वाचली तिनं दुसरीला बुडवायचं का?

पण माझ्यासारखीला हे सोपं गेलं असं समजू नका. तेरवीच्या दिवशी रिसोडला सगळा गोतावळा जमलेला असताना नणंद माझ्यावर फिरली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "माह्या मायले पोत्यावर बसवून आणलं तुमी. एवढा रस्ता. तुमच्या सोताच्या मायले आणलं असतं का असं?" बाया थांबून ऐकायला लागल्या. माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. ते सोडलं असतं तर तिचं तोंड जन्मभरासाठी बंद झालं असतं, आणि त्या घडीला मला ते सोडायचंच होतं, हे मी लपवत नाही. अंगाची लाही लाही झाली होती. मी उठले आणि मागच्या अंगणात जाऊन भांडी घासायला बसले. भांडी घासलेलीच होती. ती सगळी मी पुन्हा घासली.

त्यानंतर काही वर्षं आमच्यात दिवाळीचा फोन आणि लग्नकार्यातलं तोंडदेखलं बोलणं एवढंच राहिलं. गावात बोललं जायचं, की सुनेनं म्हातारीला पोत्यावर बसवून नेलं. मी ऐकून घेतलं. मात्र भेटेल त्या डॉक्टरला विचारत गेले आणि लोकांना सांगत सुटले. पाणी प्या. पाय हलवत राहा. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा, पंजे गोल फिरवा. दर थोड्या वेळानं उठा. घट्ट कपडे नकोत. रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, जवळच्या पिशवीत ठेवा. शिरा फुगलेल्या असतील तर निघण्याआधी डॉक्टरला दाखवा. सगळं सांगायची, एक सोडून. चोळू नका, हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. रिसोडचं बोलणं पुण्याला जायला वेळ लागत नाही.

मागच्या साली नणंदेचा फोन आला, सणवार नसताना. तिची मुलगी परदेशात, तिला दिवस गेलेले. बाळंतपणाला जायचं होतं, एवढा लांबचा विमानाचा प्रवास, तोही एकटीनं. आवाज जुना होता, भांडणाआधीचा. "वहिनी, सारे म्हन्तात तुमाले प्रवासाचं लय माहीत हाय. मले सांगा. माहे पाय आईसारखेच झाले आता."

मी सांगितलं. रस्त्याकडची सीट माग, म्हणजे कोणाला ओलांडून उठावं लागणार नाही. पाणी मागायला लाजू नको, विमानातली ती पोरं त्यासाठीच असतात. झोपेची गोळी घेऊ नको, पाय तसेच पडून राहतात. डॉक्टरला विचारून पोटरी दाबून धरणारे ते खास मोजे घे. ती हो हो करत होती. मधेच हसली आणि म्हणाली, "उतरल्यावर मंग काही चिंता नाही. पोरीनं आतापासूनच तेल आणून ठेवलं. म्हन्ते, आई, आल्याबरोबर तुहे पाय चोळून देतो."

मी म्हटलं, तिला नववा लागलेला असेल, तिला वाकायला लावू नको.

"वाकन कायले? मी पाय पलंगावर ठेवीन ना."

मग तीच म्हणाली, "वहिनी? आयकू येऊन राह्यलं ना?"

"चोळू द्यायचं नाही," मी म्हटलं. "एक पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर कोनालेच हात लावू द्यायचा नाही. सरळ दवाखान्यात जायचं."

"काहून?"

"आत गुठळी असली तर चोळल्यानं सुटते."

"कोनं सांगतलं?"

खोटं बोलायला एखादं नाव हवं होतं, आणि मला एकही सुचलं नाही. "पुण्याच्या डॉक्टरानं," मी म्हटलं.

तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली. मग ती म्हणाली, "आईच्या?"

"हो."

"तवाच?"

"तवाच."

"तेरवीले तुमाले माहीत होतं?"

"होतं."

मग मी भराभर बोलत सुटले. गुठळी गाडीतच झाली होती, नुसतं चालतानाही सुटते, डॉक्टरच म्हणाले नक्की सांगता येत नाही, वाटी माझ्या हातात असती तर मीही तेच केलं असतं. तिनं त्यातलं काय ऐकलं मला माहीत नाही. "बरं वहिनी," म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी बांधलेली सांबाराची प्रत्येक जुडी बाजारात सुटली.

ती गेली आणि नीट पोचली, हे नवऱ्याकडून कळलं. मला बाळाचा एक फोटो आला, खाली काही लिहिलेलं नव्हतं.

परत आल्यावर ती रिसोडला आली. मी मळ्यातून येऊन ओट्यावर पाय सोडून बसले होते, सासू बसायची तिथंच. वयानं मी मोठी, म्हणून येता-जाता माझ्या पाया पडायची तिची रीत आहे. भांडणाच्या वर्षांतही ती मोडली नव्हती. ती आली, वाकली, आणि तिचे हात माझ्या पायांपासून वीतभर वरच थांबले.

"लाव हात," मी म्हटलं. "मी कोठून गावाहून नाही आली. घरीच हाय."

ती खाली बसली. माझे दोन्ही पाय तिनं हातांत धरले आणि बराच वेळ एक बोटसुद्धा हलवलं नाही.