फेरा गुड्ड्याचा, आंबील शेजारच्या शेताला

सोलापूरच्या स्टँडवरून अक्कलकोटकडची एसटी सुटली तेव्हा ऊन कोवळं होतं आणि माझ्या पायांत नातीचे बूट होते, गुलाबी नाड्यांचे. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटीत तिकीट लागत नाही. कंडक्टरनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, आजी, तरी कार्ड दाखवा. चेहऱ्याचा भरवसा बुटांनी घालवला होता.

खिडकीतून शहर मागे पडत गेलं. घरांची गर्दी विरळ झाली, मग तुरीचे पट्टे आले, मग काळी जमीन आणि तिच्यावर उभी शाळू ज्वारी. मला जरा डुलकी लागली. डुलकीत नेहमी येते तशी ती पोरगी आली. ती म्हणजे मीच, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. शुक्रवार पेठेतून ह्याच रस्त्यानं सासरच्या शेताला निघाली होती. जांभळी साडी, उंच टाचेच्या चपला, डोळ्यांवर काळा गॉगल. आपण सिनेमात आहोत असं तिला मनापासून वाटायचं. कॅमेरा कुठं आहे एवढंच तिला सापडत नव्हतं.

निमित्त तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच, वेळ अमावस्या. आमच्याकडे येळवस म्हणतात. या दिवशी गावात कुणी थांबत नाही. सगळी घरं रानात जातात, कडब्याच्या खोपीत (पेंढ्या उभ्या करून केलेल्या आडोशात) पाच दगडांना चुना लावून पुजतात आणि आंबील (ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ) शेतभर शिंपडतात. आमच्या घरी हा मान बायकांचा, आणि फेरा नुसत्या बांधावरून होत नाही. खोपीपासून निघायचं, ओढ्याकाठानं गुड्ड्यावर (कानडीत गुड्ड म्हणजे टेकडी) चढायचं, पलीकडून उतरायचं आणि शेजारच्या शेतातून पुन्हा आपल्या खोपीला यायचं. उरलेली आंबील पाच दगडांवर ओतली की फेरा मिटला.

मधली काही वर्षं माझं जाणं झालं नव्हतं. यंदा गेले ती वन्संसाठी. वन्सं म्हणजे माझी नणंद शांता. ती माहेरीच राहिली, शेतही तीच बघते. माझ्याच वयाची, पण मी तिची वहिनी, म्हणून एकमेकींना तुम्ही म्हणतो आणि मग हवं ते बोलतो. गेल्या येळवशीला तिचा फेरा पहिल्यांदा अर्धा राहिला. शेजारच्या गौराक्कांच्या शेताला गुड्ड्याच्या बाजूनं तारेचं कुंपण झालं होतं, फाटकाला कुलूप होतं. वन्सं फाटकापर्यंत गेली आणि आल्या वाटेनं परत फिरली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. वर्षभर फोनवर पाऊस, पीक, सर्दी असं सगळं झालं की वन्संचं शेवटचं वाक्य ठरलेलं, फेरा अर्धा ऱ्हायला वैनी. आता संक्रांतीनंतर तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी चढ-उतार कायमचा बंद सांगितलाय. यंदा फेरा मिटला तर मिटला, नाहीतर अर्धाच राहणार.

फाट्यावर उतरले तर वन्सं समोर उभी. पहिलं काही बोलली असेल तर ते बुटांबद्दल. मी म्हटलं, त्या पोरीच्या चपलेपेक्षा बरे आहेत. मग दोघी हसलो, कारण ती टाच याच फाट्यावर मोडली होती आणि ती बया एक पाय वर एक पाय खाली करत, तरीही गॉगल न काढता, शेतापर्यंत गेली होती.

खोपीत पूजा झाली. बाजरीचे उंडे, भज्जी, शेंगापोळी, खीर सगळं मांडलं, पण जेवण फेऱ्यानंतर. भज्जी म्हणजे आमच्याकडे तळायची भजी नव्हेत. हरभऱ्याचा पाला, तुरीचे दाणे, रानात मिळेल ते हिरवं बेसनात शिजवायचं. वासानं माझा निश्चय डळमळला होता. वन्संनी कडुलिंबाची डहाळी माझ्या हातात दिली, आंबिलीची बिंदगी (छोटी घागर) स्वतः कमरेवर घेतली आणि काठी टेकत निघाली. कुंपणाचं काय करायचं ते मी विचारलं. वन्सं म्हणाली, बघू. पण किल्ली मागणार न्हाय म्हणाली. कुलूप लावणारीनं काढावं.

ओढ्याला पाणी होतं, आवाज नव्हता. काठच्या हरभऱ्यात पाय घातला की पानांवरची आंब साडीच्या काठाला चिकटायची. बोट चाटलं तर जीभ आंबट. मी डहाळी बुडवून शिंपडत होते, थेंब उन्हात जरा थांबल्यासारखे वाटायचे आणि मग पिकात दिसेनासे व्हायचे. वन्सं दर पन्नासेक पावलांवर थांबायची आणि थांबण्याला कारण सांगायची. हे बोरीचं झाड बघा. ती कोतवाल पक्ष्याची जोडी बघा. मीही दमले होते, म्हणून सगळं निगुतीनं बघितलं.

गुड्डा तसा काही मोठा नाही. सह्याद्री पाहिलेल्या माणसानं त्याला टेकडीही म्हणू नये. पण आमचा मुलूख इतका सपाट, की एवढ्या उंचीवरही डोळ्यांना पंख फुटतात. माथ्यावर एक वाकडं लिंबाचं झाड आणि सपाट खडक. आम्ही बसलो. खाली ज्वारी नुकती कणसं टाकत होती. वारा आला की सगळं रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. हिरव्या रानात जागोजागी खोपी आणि प्रत्येक खोपीपाशी रंगीत ठिपके, म्हणजे माणसं. लांब साखर कारखान्याचं धुराडं, त्याचा धूर जायचं कुठं ते विसरल्यासारखा. त्याच्याही पलीकडे जो पुसट राखाडी डाग, ते सोलापूर. त्या डागात माझं घर, गॅस, औषधांचा डबा आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंशी सकाळी झालेलं भांडण आहे हे खरं वाटेना.

मी खडकावर आडवी झाले. डोळे मिटले होते की उघडे, आठवत नाही. ज्वारीतून जांभळी साडी जाताना दिसली. टाच मोडलेली, गॉगल लावलेली ती पोरगी डहाळी नाचवत चालली होती. तिला फेऱ्याची वाट सांगितली होती, पण ऐकायला वेळ कुणाला. गुड्डा उतरल्यावर ती आपल्या शेताचा बांध समजून भलत्याच बांधावर चढली आणि बिंदगी रिकामी होईपर्यंत गौराक्कांच्या सासऱ्यांचं शेत शिंपून मोकळी झाली. अगदी कोपरे न सोडता. शिवाय स्वतःवर खूश. आमच्या खोपीत सगळे तोंडात पदर घालून हसत होते. तेवढ्यात गौराक्कांची सासू धावत आली आणि पोरीचा हात धरून तिला आपल्या खोपीत घेऊन गेली. ज्याच्या हातून शेताला आंबील मिळाली, त्याला त्या शेतातून उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही इकडची रीत. गौराक्काही तेव्हा नवीनच सून. तिनं वाढलं, पोरगी जेवली, मग आपल्या खोपीत येऊन पुन्हा जेवली. त्या दिवशी तिनं मनापासून केलेलं काम एवढंच.

"वैनी, झोपलासा का?"

मी उठून बसले. वन्सं खाली बघत होती. गुड्ड्याच्या पायथ्याशी तार उन्हात चकाकत होती, फाटक बंद. तिच्या पलीकडे गौराक्कांची खोप, आणि खोपीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, आपली. वन्सं म्हणाली, चला, माघारी जाऊ. गुडघा लई दुखतोय. गुडघा दुखत होताच, पण आवाज गुडघ्याचा नव्हता.

मी तिच्याजवळची बिंदगी उचलून घेतली आणि पुढच्या बाजूनं उतरायला लागले. मागून तिची काठी बराच वेळ ऐकू येईना. मग आली.

फाटकाशी पोचले. तारेपलीकडे ज्वारी कंबरेच्या वर. मी डहाळी बिंदगीत चांगली बुडवली आणि तारेतून हात घालून गौराक्कांच्या पिकावर शिंपडायला सुरुवात केली. इकडे, तिकडे, लांबवर जाईल तेवढं. बुटांवरही बरीच सांडली. वन्सं दबक्या आवाजात म्हणाली, वैनी, काय चाललंय, ते त्यांचं हाय. मी म्हटलं, हो का.

"यारदु?" (कोण ते?) खोपीतून आवाज आला. गौराक्का बाहेर आल्या. पूर्वीपेक्षा वाकलेल्या, पण कुंकू तसंच मोठं. त्यांनी माझ्या हातातली डहाळी पाहिली, ओली ज्वारी पाहिली.

"वैनी, ह्या वयात बी शेत चुकलासा व्हय?"

"चष्मा बदलायला झालाय," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, पण कमरेच्या जुडग्यातून किल्ली शोधायला लागल्या. कुलूप निघालं. त्यांनी फाटक माझ्यापुरतं उघडलं आणि मला आत घेतलं. मग फाटकाला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. वन्सं बाहेर, नजर जमिनीवर.

"तुमी शिंपलीसा, तुमी या," गौराक्का मला म्हणाल्या, पण बघत वन्संकडे होत्या. "हिनं न्हाय शिंपली."

मला वाटलं, संपलं. माझी चलाखी माझ्यापुरतीच पुरली. वारा होता, ज्वारी सळसळत होती, आणि आम्ही तिघी म्हाताऱ्या एका उघड्या फाटकाशी. वन्सं फिरली असती तर मला तिला थांबवता आलं नसतं. ती फिरली नाही. तिनं काठी तारेला टेकून उभी केली, दोन पावलं पुढं आली, मी धरलेल्या बिंदगीत डहाळीबिहाळी न घेता सरळ हात घातला आणि पसाभर आंबील गौराक्कांच्या ज्वारीच्या मुळाशी टाकली. शिंपडली नाही, घातली. रोपाला पाणी घालावं तशी.

"गेल्या साली फाटकापतुर येऊन परतलीस," गौराक्का म्हणाल्या. "हाक मारायला काय झालं तुला?"

"कुलूप बघून कोन हाक मारतंय?"

"कुलूप डुकरांना हाय, शांते."

वन्संनी ओला हात पदराला पुसला आणि काठी घेऊन आत आली. गौराक्का खोपीकडे वळून घरच्यांना म्हणाल्या, "पानं वाढा." मग आमच्याकडे, "ऊटक्क बर्री." (जेवायला या.) रानडुकरांनी दोन वर्षं ज्वारी लोळवली होती, हे जेवताना कळलं. वन्संनी तेव्हा वर न बघता आणखी भज्जी मागितली.

निघताना घोळ लक्षात आला. बिंदगी रिकामी. आपल्या पाच दगडांवर ओतायला काही उरलं नव्हतं. वन्सं बिंदगीत डोकावून बघतच राहिली. एवढं होऊन फेरा मिटायचा नाही म्हणजे काय. गौराक्का उठल्या, आपल्या मडक्यातली आंबील आमच्या बिंदगीत गळ्यापर्यंत ओतली आणि वन्संच्या कमरेवर ठेवून दिली. मग ती हेलकावली म्हणून एका हातानं धरून, आमच्याबरोबर बांध ओलांडून, खोपीपर्यंत आल्या. पाच दगडांवर आंबील पडली तेव्हा दोघींचे हात बिंदगीला होते. मी मात्र आपल्या खोपीत बसून दुसरं जेवण जेवले, कारण परंपरा मोडणं मला पटत नाही.

संध्याकाळच्या एसटीत पुन्हा डुलकी आली. बाहेर रानं निळी होत चालली होती. ती पोरगी शेजारच्या सीटवर बसली होती, मोडकी चप्पल मांडीवर घेऊन. आयुष्यभर मी तिला हसत आले, अजूनही हसते. गॉगलबद्दल तर हसणारच. पण सगळं नीट ऐकून, नीट वाटेनं गेली असती, तर आज मला त्या फाटकाशी काय करायचं ते सुचलं नसतं. मी तिला जरा सरकून जागा दिली.

घरी नातीनं बूट बघितले आणि विचारलं, आजी, ह्यांना ताकाचा वास का येतोय? मी म्हटलं, रस्ता चुकले होते.