पहिला तांब्या

पोहे परतत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. दुष्काळात अशी थाप म्हणजे टँकर आला. बायपासच्या कडेला इमारतींवर इमारती चढल्या, आमच्या वसाहतीत नळाला पाणी मात्र आलं नाही. उलथणं हातात घेऊनच दार उघडलं. समोर अनवरी, नवाबची बायको, खांद्यावर पाईप.

आधी टँकर नवाब आणायचा. त्याची रीत ठरलेली. पहिल्या तांब्यातल्या पाण्यानं रस्त्यावर चूळ टाकायची, मग दोन घोट पिऊन म्हणायचं, "गोड हाय, घ्या." मागच्या गल्लीतल्या कडुबानं त्याचा व्हिडिओ काढून त्यातली फक्त चूळ आपल्या पेजवर दाखवली. पाण्यात थुंकतो, म्हणे! आठवड्यात पोरांनी टँकर अडवून नवाबचा हात मोडला. तो हात अजून वर जात नाही.

अनवरीनं दारोदार फिरून आम्हा बायकांना त्या पेजविरुद्ध तक्रारी करायला लावल्या. पेज बंद झालं त्या दिवशी तिनं बुंदी वाटली. फरक पडला, नाही असं नाही. चौकातलं टोळकं पांगलं, नवी पोरं कडुबाला ओळखतही नाहीत. पण उरलेले त्याच्या बंद ग्रुपात शिरले. तिथं त्याला खोटं म्हणणारं कुणी नाही. माझा दीर राम त्यातलाच. नवाबला 'चाचा' म्हणणारा हा पोरगा आता टँकरचं पाणी घरात घेऊ देताना कुरकुरतो.

"वहिनी, कोण आलंय?" आतून राम ओरडला.

"मी हाय, रामभाऊ! थुंकणाऱ्याची बायको!"

राम आतल्या दाराआडून डोकावला.

"अगं, पेज गेलं ना आता?" मी हळूच म्हटलं.

"पेज गेलं, ताई. हात आला का? हात मोडणारे त्या ग्रुपात बसलेत. तिथं मला कोण घेतंय!" मग ती हसली. "कडुबाचा हौद कोरडा पडलाय. त्याचा टँकरवाला आलाच नाय. सकाळपासून बायको फोन करायलीय मला."

"मग, देणार?"

"लेकरं हायेत घरात. देणार की. पण आधी समद्यांसमोर कडुबा चूळ टाकून पहिला तांब्या पिणार, माझ्या हातचा. नाय प्याला तर पाईप उचलून चालले मी."

पोहे करपल्याचा वास आला. मी हलले नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत ती म्हणाली,

"रामभाऊ, एक काम करा. त्याचा व्हिडिओ काढा आन् त्या ग्रुपात टाका. चुळीपासून घोटापर्यंत, न कापता."