हलका डबा शेवटी

चाक थांबलं तेव्हा मी वेव्ह पूलच्या पंपाजवळ होते. वॉकीटॉकीवर दिनेश भियांचा आवाज आला, "मॅडम, व्हील रुक गया है. नीचे से आवाज आई थी. और ऊपर आपकी फॅमिली है."

तिन्ही वाक्यं त्यांनी एकाच सुरात सांगितली. घाबरलेला माणूस असा बोलत नाही. चूक उमगलेला माणूस असा बोलतो.

राऊच्या पुढे, महूच्या रस्त्याला असलेल्या एका थीम पार्कमध्ये मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे. झुले, घसरगुंड्या, पाळणे सुरू राहावेत आणि सुरू असताना कोणाला काही होऊ नये, एवढंच माझं काम. त्या दिवशी दिवाळीची सुट्टी होती. दादा पुण्याहून वहिनी आणि दोन मुलांना घेऊन आला होता. मुलांना पार्क बघायचं होतं, म्हणून छत्रीबागेतलं आमचं सगळं घर निघालं: आई, बाबा, दादाची मंडळी, आमची आत्या, तिचा मुलगा आणि सून. माझी ड्यूटी होती. सकाळी मी दिनेश भियांना फोन करून म्हटलं होतं, "घर के लोग आ रहे हैं भिया, ज़रा देख लेना."

दिनेश भिया जायंट व्हीलचे ऑपरेटर. पंधरा वर्षांचा अनुभव. त्यांनी खरंच बघितलं.

आमच्या चाकाला सोळा डबे आहेत. कागदावर त्यांना गोंडोला म्हणतात, आम्ही डबेच म्हणतो. चाक पूर्ण भरलेलं असलं की फार विचार करावा लागत नाही. अर्धवट भरलेलं असलं की करावा लागतो. सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं की हवा भरायचा व्हॉल्व्ह नेहमी खाली येऊन थांबतो, कारण ती बाजू थोडी जड असते. जायंट व्हीलचंही तसंच. म्हणून नियम असा, की एक डबा भरला की चाक अर्धं फिरवायचं आणि समोरचा डबा भरायचा. एक इकडचा, एक समोरचा. लोकांना हे आवडत नाही. त्यांना एकमेकांशेजारी बसून हाका मारायच्या असतात, फोटो काढायचे असतात. ऑपरेटरने त्यांचं ऐकायचं नसतं.

पण मॅडमच्या घरची मंडळी म्हटल्यावर दिनेश भियांनी त्यांना रांगेतून पुढे घेतलं आणि ओळीने तीन डब्यांत बसवलं. पहिल्यात बाबा, एकटे. दुसऱ्यात वहिनी, मुलं आणि आत्या. तिसऱ्यात दादा, आत्याचा मुलगा आणि त्याची बायको. आई चढली नाही. ती खाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. आणखी आठ डबे इतर लोकांनी भरले होते, दोन इकडेतिकडे रिकामे होते, पण आमच्या समोरचे तीनही रिकामेच राहिले. तिसऱ्या फेरीत जड बाजू वर चढत असताना खालून आवाज आला आणि चाक थांबलं.

मी पोचले तोवर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. झाकण काढून बघितलं. कपलिंग तुटलं होतं. मोटर आणि गिअरबॉक्सला जोडणारा हा सांधा. त्याच्या आत रबर असतं. रबराला आतून चीर गेलेली होती, वरून दिसली नसती. ब्रेक गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे चाक जागच्या जागी पक्कं उभं होतं. म्हणजे कोणी पडणार नव्हतं. पण कोणी उतरूही शकत नव्हतं.

आमचे ऑपरेशन मॅनेजर खंडेलवाल सर धापा टाकत आले. नवं कपलिंग बसवायला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. मी दोन तास सांगितले. फायर ब्रिगेडला बोलवू का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कळवून ठेवा, पण त्यांची गरज पडणार नाही. गिअरबॉक्सला हाताने फिरवायचं हँडल लागतं. दर तीन महिन्यांनी आम्ही त्याचा सराव करतो. चार माणसं आळीपाळीने ते फिरवतात आणि चाक मुंगीच्या चालीने सरकतं.

फक्त कोणाला कधी उतरवायचं, हे आधी ठरवावं लागतं. मी दिनेश भियांच्या रजिस्टरमधून एक कोरा कागद घेतला, त्यावर गोल काढला, सोळा खुणा केल्या आणि प्रत्येक डब्यातल्या माणसांचं वजन अंदाजाने लिहिलं. जड बाजूचा सगळ्यात जड डबा पहिला. मग समोरच्या बाजूचा. मग पुन्हा इकडचा. असं करत गेलं की चाक तोललेलं राहतं आणि हँडल फिरवणाऱ्यांच्या हातून सुटत नाही. सगळ्यात हलका डबा शेवटी, कारण तो असला काय आणि नसला काय, तोलाला फरक पडत नाही.

सगळ्यात जड डबा दादाचा निघाला. सगळ्यात हलका बाबांचा. बावन्न किलो आणि एक पुस्तक.

बाबा कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. लग्नाला जाताना, बँकेत जाताना, दाढी करायला जातानासुद्धा त्यांच्या हातात पुस्तक असे. थीम पार्कमध्येही होतं. मी वर पाहिलं तेव्हा ते चाकाच्या मध्याच्याही वर होते, अर्ध्या आभाळात, आणि वाचत होते.

मेगाफोन घेऊन मी सगळ्यांना सांगितलं की चाक पक्कं आहे, सगळ्यांना एकेक करून उतरवू, तास-सव्वा तास लागेल, कोणीही उभं राहू नये. चौघांनी हँडल धरलं. दादाचा डबा खाली आला. दरवाजा उघडला.

सकाळच्या फोननंतरची माझी दुसरी चूक इथे झाली: वजनाप्रमाणे उतरवणार, हे मी आधी सांगितलंच नव्हतं. डब्यातून पाय बाहेर टाकताच दादाने मोठ्याने मला नावाने हाक मारली आणि वर सगळ्यांना कळलं की हा माझा भाऊ. लगेच एक माणूस डब्यात उभा राहून ओरडला, "अपने वालों को पहले उतार रही हैं!" त्याचा डबा झुलला. शेजारच्या डब्यातल्या कॉलेजच्या मुली किंचाळल्या आणि त्याही उठल्या. झुलणारा डबा पडत नाही, पण त्यात उभा असलेला माणूस पडू शकतो, आणि झुलणाऱ्या चाकावर हँडल फिरवता येत नाही. आम्ही थांबलो. मी मेगाफोनवर एवढंच म्हटलं, "भाईसाहब, वजन से उतार रहे हैं. मेरे पिताजी नौ नंबर में हैं. वो सबसे आखिर में उतरेंगे. आप बैठ जाइए."

सगळ्यांनी नऊ नंबरकडे पाहिलं. बाबांनी पान उलटलं. तो माणूस बसला.

मी हे बोलून गेले आणि मग आई बाकावरून उठून माझ्याजवळ आली. ती मोठ्याने बोलत नाही. तिने एकच गोष्ट विचारली, "बारापर्यंत येतील ना? सकाळची गोळी घेतलीय."

बाबांना शुगर होती. गोळी घेतल्यावर वेळेवर पोटात काही गेलं नाही, तर ती झपाट्याने खाली येत असे. आधी घाम, मग हाताची थरथर, मग बोलण्यात गोंधळ. पोहे आठला झाले होते, तेही निघायच्या घाईत चार घास. माझ्या कागदाप्रमाणे बाबांचा नंबर पाऊण वाजता येत होता.

दादाने ते ऐकलं. तो माझ्या कागदाजवळ येऊन उभा राहिला. "बावन्न किलोचा माणूस गं. त्यांना काढलं तर तुझं चाक काय उलटणार आहे?"

"नाही उलटणार."

"मग?"

"मग वरचे सगळे उभे राहतील."

खंडेलवाल सर हळूच म्हणाले, "मॅडम, अंकलजी को निकाल लो. मैं देख लूँगा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बघून घेण्याचा परिणाम माझ्या डोक्यावर लटकत होता. मी मान हलवली आणि पुढचा डबा सांगितला. देवासचं एक कुटुंब होतं, चाकाच्या समोरच्या बाजूचं. ते उतरल्यावर वरचा आवाज जरा निवला. मग वहिनी, मुलं आणि आत्या. आत्या उतरता उतरता दादाला म्हणाली, "पुण्याला जाऊन वजन वाढवलंस ते कामाला आलं बघ." मग पुन्हा समोरचा डबा.

चाक असं फिरत असताना बाबांचा डबा मधूनच प्लॅटफॉर्मसमोरून जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "किती पानं वेळ आहे?" मी म्हटलं, "चाळीस." ते बरं म्हणाले.

दुसऱ्यांदा डबा आला तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कपाळावर घाम होता. कार्तिकातल्या त्या हवेत दुसऱ्या कोणालाही घाम आलेला नव्हता.

मी हात वर केला. हँडल थांबलं. डबा प्लॅटफॉर्मला लागून उभा राहिला. माझा हात कडीवर गेला, हे मी लपवत नाही. कडी काढायला दोन सेकंद लागतात. वर अजून पाच डबे होते आणि पाचही डब्यांतले लोक माझ्या हाताकडे बघत होते. कॉलेजच्या त्या मुलींपैकी एक रडत होती.

डब्याच्या दारात, जाळीखाली, हात जाईल एवढी फट असते. मी कडीवरून हात काढला आणि आईला हाक मारली. तिने पिशवीतून कागदाची एक पुडी काढली. सकाळच्या पोह्यांबरोबर मुलांसाठी घेतलेली जिलबी. गेली अकरा वर्षं आमच्या घरात जिलबी आली की ती बाबांच्या डोळ्यांआड ठेवली जायची. आईने पुडी फटीतून आत सरकवली.

बाबांनी ती उघडून पाहिली. त्यांचा हात थरथरत होता, पण आवाज नेहमीचा होता. "परवानगी आहे?"

"दोनच," आई म्हणाली.

"चालू द्या," ते मला म्हणाले, "ते वरचे लोक खोळंबलेत."

मी हात खाली केला. बाबा पुन्हा वर गेले. मी इतर डब्यांकडे बघत काम करत राहिले, कारण चाकावर काम करताना एकाच डब्याकडे बघायचं नसतं. आई बघत होती. दहा-बारा मिनिटांनी ती मागून म्हणाली, "पुस्तक उघडलं."

बारा सत्तेचाळीसला नऊ नंबर खाली आला. मी कडी काढली. बाबा उतरले, पुडी माझ्या हातात दिली. ती रिकामी होती. आई म्हणाली, दोनच सांगितलं होतं. बाबा म्हणाले, वर मोजायला कोणी नव्हतं. मघाशी ओरडणारा माणूस निघून न जाता कुंपणाशी थांबला होता. त्याने पुढे येऊन बाबांना नमस्कार केला. माझ्याशी बोलला नाही. ते बरोबरच होतं.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायचा होता. खंडेलवाल सर म्हणाले, "कपलिंग टूटी. बस, इतना ही लिखो." मी दोन कारणं लिहिली. एक, कपलिंगच्या रबराला आतून चीर. दोन, लोडिंगचा क्रम मोडला गेला आणि तो मोडण्याची सूचना माझ्याकडून गेली. दुसरं कारण नुसतं अर्धं लिहिलं असतं, तर दिनेश भियांची नोकरी गेली असती.

सरांनी वाचून विचारलं, "आपने कब कहा था कि साथ में बिठाओ?"

"मैंने कहा था, ज़रा देख लेना."

"वो तो सब कहते हैं."

"इसीलिए तो लिखा है, सर."

दिनेश भिया चाकावरच राहिले. मला वॉर्निंग लेटर मिळालं. बाबांनी ते घरी मागून वाचलं, इंग्रजीच्या दोन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि फाइलमध्ये लावायला परत दिलं.

माघात त्यांना इको करायला नेलं होतं. हॉस्पिटलमध्ये आमचा चौदावा नंबर होता, आत बारावा चालू होता. तिथल्या एका डॉक्टरांची मुलगी माझी वर्गमैत्रीण. मी पर्समधून फोन काढला. बाबांनी पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. "नीलू," ते म्हणाले, "हलका डबा शेवटी." मी फोन ठेवून दिला. आमचा नंबर वीस मिनिटांनी आला.

फाल्गुनात ते गेले. त्या वीस मिनिटांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दिवाळीची सुट्टी लागेल. आतापासून फोन येतात. घरची मंडळी येतायत, जरा बघून घ्या. मी त्यांना सांगते की अवश्य या, तिकीट काढा, रांगेत उभे राहा आणि दिनेश भिया सांगतील त्या डब्यात बसा. काही जण रागावतात. शुगर असलेलं कोणी बरोबर असेल, तर खाण्याची पिशवी खाली ठेवू नका, एवढं मात्र मी आपणहून सांगते.