सात दिवसांचा पट्टा

ह्यांना मोटारसायकल चालवताना झोप लागते असा माझा संशय होता, आणि हे तो उडवून लावत होते. नवापूरबाहेरच्या एका पोल्ट्रीवर हे सुपरवायझर आहेत. जाणं-येणं हायवेने, सुरतेच्या ट्रकांच्या गर्दीतून. संध्याकाळी यायला पाच मिनिटं उशीर झाला की माझा हात कणकेतच थांबायचा.

झोपेत ह्यांचा श्वास अडकतो. तपासणी झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याला स्लीप ॲप्निया म्हटलं. तोंडाला लावायचं मशीन सुचवलं आणि उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवू नका, असंही बजावलं. हे बाहेर आल्या आल्या किल्ली फिरवत म्हणाले, "माले काही व्हस नही." असा संताप आला मला!

दिवसभरात हालचाल किती, यावरही आमचं बाईंसमोरच वाजलं होतं. हे म्हणाले, शेडमध्ये पायाला उसंत नसते. मी म्हटलं, घरी तर पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो. बाईंनी हसून ह्यांच्या मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा बांधला. सात दिवस काढायचा नाही, हालचाल तोच मोजेल. मला तर आयता साक्षीदार मिळाला. ह्यांचं पितळ उघडं पडणार म्हणून मी दिवस मोजत होते.

आठव्या दिवशी बाईंनी आलेख टेबलावर पसरला. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत रेघ सपाट होती. सातही दिवस तेच.

"दिवसभर झोपता की काय तुम्ही?" बाईंनी विचारलं.

म्हणजे हा माणूस कामावरही झोपतो? मालकाला कळलं तर काय होईल? मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "आते बोला!"

हे गोंधळून म्हणाले, "पट्टा त खुटीले टांगेल व्हता. शेडमा काहीच नेता येस नही."

मग उलगडा झाला. पक्ष्यांना रोग लागू नये म्हणून शेडच्या दारात घड्याळ, अंगठी, मोबाइल सगळं काढून ठेवायचं, पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि मगच आत जायचं. नवापुरात पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्यांची साथ पाहिलेली आहे, तिथे हा नियम कोणी मोडत नाही. डॉक्टरांचा पट्टा असला म्हणून काय झालं! ह्यांनी तो इमानाने रोज खुंटीवर टांगला आणि पाच वाजता इमानाने परत बांधला. मला हसू आलं, रडूही आलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

पुढच्या आठवड्यात पट्टा पिशवीत गुंडाळून घोट्याला, गमबुटाच्या आत बांधायचा, मालकाला आधी विचारायचं, असं ठरलं. मी पर्स उचलली. पण बाई अजून कागदच बघत होत्या.

"संध्याकाळी तर पट्टा हातावर होता ना?"

"हो."

त्यांनी पाचनंतरच्या रेघेवर पेन ठेवलं. गाडीच्या हादऱ्यांनी ती बारीक थरथरत होती. चार दिवस मात्र ती वाटेत मध्येच दहा-बारा मिनिटं सपाट झाली होती आणि मग पुन्हा थरथरायला लागली होती.

"इथे काय करत होता?"

मी बघतच राहिले. एवढा बोलका माणूस, पण नजर वर करेना.

शेवटी म्हणाले, "डोळा उघडा ऱ्हात नही तवय मोहना झाडखाल गाडी उभी करस. दहा मिनिट झोपी लेस."

मला हायसं वाटलं. निदान मोहाच्या झाडाखाली थांबण्याइतकी तरी अक्कल आहे, असं मी म्हणणारच होते.

बाईंनी उरलेल्या तीन दिवसांवर बोट फिरवलं. तिथे रेघ पोल्ट्रीपासून घरापर्यंत कुठेच थांबलेली नव्हती. "या तीन दिवसांत झोप आली नाही?"

ह्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"त्या तीन दिन मी घर कसा उनू," हे म्हणाले, "माले याद नही."