तोमासाने ओळखलेला लाल विपिल

शेला नावाच्या शहरातल्या एका दवाखान्याच्या धोबीखान्यात तोमासा इश्कोय अकरा वर्षं चादरी धूत होती, आणि तितकीच वर्षं फुकटातली दुभाषीणही होती. डॉक्टरांची भाषा न येणारी खेड्यातली बाई आली की वॉर्डातून निरोप यायचा, तोमासाला पाठवा. तोमासाची भाषा किचे. येणाऱ्या बायकाही बहुतेक किचेच, म्हणून निभावून जायचं.

त्या मंगळवारी निभावलं नाही. एक तरुण बाई पोट धरून कळवळत होती. आतडं फुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं होतं, पण भुलेची सुई दिसली की ती हात झिडकारायची. घायकुतीला आलेल्या डॉक्टर सोलोर्सानोंनी तोमासाला सांगितलं, हिला समजवा आणि संमतीच्या कागदावर अंगठा घ्या. तोमासाने कान देऊन ऐकलं. एक अक्षर कळेना.

"डॉक्टर, मला हिची भाषा येत नाही."

"असं कसं? तुम्ही दोघी मायाच ना? बोलीत थोडा फरक असेल, घ्या सांभाळून."

बोली म्हणे! तोमासाचं डोकंच फिरलं. "माया हे आमच्या सगळ्या गोतावळ्याचं नाव, डॉक्टर. त्यात भाषा वीसच्या वर आहेत. ही काय म्हणते ते कळल्याशिवाय मी अंगठा घेणार नाही."

बोलून बसली खरी, पण नोकरी जाणार ही धास्ती होतीच. तेवढ्यात खुर्चीवर काढून ठेवलेला त्या बाईचा विपिल, हातमागावर विणलेला सदरा, तिला दिसला. लालभडक, त्यावर जांभळी नक्षी. गावागावाची वीण वेगळी; माया बायकांच्या अंगावर त्यांचं गावच विणलेलं असतं. हा विपिल तोदोस सांतोस गावचा, आणि तिथे माम भाषा बोलतात.

अर्धा तास मागून घेऊन ती ओल्या एप्रनसकट बाजारात पळाली. बटाटेवाल्यांच्या रांगेत तस्साच विपिल हुडकला आणि फेर्मिना काल्मो नावाच्या विक्रेतीला जवळजवळ ओढतच घेऊन आली.

फेर्मिना दोन शब्द बोलली आणि ती बाई झिडकारायची थांबली. सगळं ऐकून घेऊन फेर्मिना डॉक्टरांकडे वळली आणि त्यांच्या भाषेत म्हणाली,

"ही नको म्हणत नाहीये. मागच्या बाळंतपणात भुलेच्या सुईने हिचा श्वास बंद पडला होता. दुसरं काही देता येईल का, एवढंच सकाळपासून विचारतेय."

डॉक्टरांनी हातातली सुई बाजूला ठेवली. मग दुसरी भूल दिली गेली, ऑपरेशन झालं, बाई वाचली.

संध्याकाळी डॉक्टर धोबीखान्यात आले. केसपेपरवरचं 'बोली: माया' खोडून 'भाषा: माम' लिहिलं होतं, ते त्यांनी तोमासाला दाखवलं. मग जरा ओशाळून, मानाच्या बाईला म्हणतात तसं 'दोन्या' म्हणत विचारलं, "आणि तुमची, दोन्या तोमासा?"

"किचे," ती म्हणाली. हातातली चादर पिळता पिळता तिचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.