सिलोनचा रेफराट

हायडेलबर्गला भूगोलाच्या सेमिनारमध्ये विषय वाटले जात होते, तेव्हा मी मुद्दाम खांबाच्या आडोशाला बसले होते. आइसलँड एका मुलाने घेतलं, सायप्रस दुसऱ्याने. "सिलोन," प्राध्यापक म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना खांबाला वळसा घालून माझ्याकडे वळल्या. भारतातून आलेली मुलगी, म्हणजे सिलोन तिचंच. मला सिलोनबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिथल्या रेडिओवर हिंदी गाणी छान लागतात. पण हे सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मी नुसती मान हलवली.

रेफराट म्हणजे वर्गापुढे उभं राहून अर्धा तास विषय मांडायचा. तो पसंत पडला तर शाइन मिळे, म्हणजे सहीचा एक कागद. तो असेल तरच वरच्या सेमिनारला प्रवेश. साठच्या दशकाची सुरुवात होती. वडिलांनी मला एका वर्षाची मुदत दिली होती. 'जमलं तर राहा, नाही तर परत ये, त्यात काही कमीपणा नाही,' असं त्यांचं पत्र होतं. त्यातलं ते 'कमीपणा नाही' मला सर्वांत जास्त टोचलं. मला राहायचं होतं.

लायब्ररीत मात्र मजा आली. बेटाच्या मधोमध डोंगर, नैऋत्येला हिरवंगार, उरलेलं बरंचसं कोरडं. त्या कोरड्या भागात जुन्या राजांनी बांधलेले प्रचंड तलाव. मग पोर्तुगीज, डच, इंग्रज. इंग्रजांच्या काळात कॉफीच्या मळ्यांवर रोग पडला आणि त्याच उतारांवर चहा आला. मी जर्मनमध्ये अकरा पानं लिहिली आणि तोंडपाठ केली. आमच्या इंग्लिश शाळेत असंच शिकवलं होतं: हात मागे, मान ताठ, आणि अडखळलं की 'फ्रॉम द बिगिनिंग'.

वरच्या मजल्यावर सांगलीचं एक जोडपं राहत होतं. यजमान केमिस्ट्रीत डॉक्टरेट करत होते. वहिनी रोज संध्याकाळी माझं पाठांतर ऐकायच्या, ओळीवर बोट ठेवून.

"अगं, तुझं जहाज बंदरातून सुटतच नाही," एकदा त्या म्हणाल्या. "कॉफीपर्यंत येतेस, अडकतेस, की पुन्हा आपला हिंदी महासागर!"

"मला मधूनच सुरू करता येत नाही, वहिनी."

"आणि कुणी मध्येच काही विचारलं तर?"

"बोलणाऱ्याला मध्येच कोण विचारतं?"

"अहो, ऐकलंत का ही काय म्हणते ते?"

"इथे विचारतात हो," पुस्तकातून डोकं न काढता ते म्हणाले. "न विचारणं म्हणजे ऐकलंच नाही, असं समजतात."

मला ते खरं वाटलं नाही.

मंगळवारी मी हात मागे बांधून उभी राहिले. सिलोन हे हिंदी महासागरातलं बेट आहे, इथून निघाले ते तलावांपर्यंत छान गेले. तेवढ्यात प्राध्यापकांनी हात वर केला. "एवढे तलाव त्या कोरड्या भागातच का लागले?"

माझं काहीतरी चुकलं, एवढंच मला कळलं. आणि चुकलं की काय करायचं ते माझ्या हाडीमांसी मुरलेलं. "सिलोन हे हिंदी महासागरातलं बेट आहे..." तलाव आले. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या खेपेस सावकाश, मला जर्मन कळलं नसेल म्हणून. मी पुन्हा महासागरातून निघाले.

"फ्रॉइलाइन," ते म्हणाले, "बेट आम्हाला सापडलंय. आता जरा उतरा त्याच्यावर."

वर्ग हसला. मला पळून जायचं होतं, पण दार त्या सगळ्यांच्या मागे होतं. माझ्या मागे फक्त फळा होता. मी तोंड फिरवलं, खडू घेतला आणि बेट काढलं, मधोमध डोंगर काढले. वर्गाकडे पाठ होती, त्यामुळे एकदम सोपं वाटलं. फळ्यालाच सांगू लागले: वारा या बाजूने येतो, डोंगराला अडतो, पाणी इथे पडतं आणि पलीकडे फारसं उरत नाही. आमच्या महाबळेश्वरला पावसाचा मारा अडवायला माणसं घरांना गवताच्या झडी बांधून बसतात, तेव्हा फलटणला माझा मामा पावसाची वाट बघत असतो. पलीकडच्यांनी थोडक्या दिवसांत पडलेलं पाणी साठवून ठेवलं नाही, तर त्यांनी भात कशावर पिकवायचा? क्रियापदं कुठेही पडत होती. पानावर यातलं काही नव्हतं.

वळले तेव्हा बाकांवर बोटांच्या पेरांची टकटक चालली होती. हे इथलं टाळ्या वाजवणं, एवढं मला माहीत होतं.

"वेळ संपली," प्राध्यापक म्हणाले. "तुमचे पोर्तुगीज अजून समुद्रातच आहेत. पुढच्या मंगळवारी आणा त्यांना. कागद पाठ न करता."

म्हणजे शाइन अजून लटकलेलंच. त्या आठवड्यात वहिनींनी वही बाजूला ठेवली आणि प्रश्न सुरू केले. कॉफी मेली, तेव्हा कॉफीवाले का नाही मेले? सगळीकडे चहाच लावला तर खातात काय? उत्तर दिलं की म्हणायच्या, "बरं, पण का?" मला त्यांचा राग यायचा आणि हसूही यायचं.

दुसऱ्या मंगळवारी पोर्तुगीज उतरले, डच आले, इंग्रज आले. मळ्यांवर कामाला आणलेली तमिळ माणसं आली. चहा, रबर, नारळ बाहेर जातात आणि तांदूळ बाहेरून येतो, तिथवर मी पोचले. एका मुलाने विचारलं, "चहा खुडणाऱ्या बायका स्वतः कोणता चहा पितात?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, चक्क त्याच्याकडे बघून. "शोधून सांगते."

तास संपल्यावर प्राध्यापकांनी टेबलावर कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"सिलोनला शेवटचं कधी गेला होतात?"

खरं सांगितलं तर सही राहून जाईल की काय, असं क्षणभर वाटलं. "कधीच नाही," मी म्हणाले.

"मीही नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.